तांब्याला काय दिसतं

एप्रिलच्या शेवटी आमच्या इमारतीला परांची लागली. परळमधली जुनी चार मजली इमारत, लाकडी तुळयांची. पावसाळ्याआधी गिलावा आणि बाहेरचे पाइप दुरुस्त करायचे होते. बांबू बांधून झाले आणि त्यांच्यावरून वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली. त्या दिवसापासून घरात येणारा उजेडच हिरवा झाला. भिंत हिरवट, ताटातला भात हिरवट, मुलीची वही हिरवट. माणसाच्या डोळ्याला दोन दिवसांत सवय होते. कॅमेऱ्याला होत नाही.

नेमका त्याच आठवड्यात आमचा माळा रिकामा करावा लागला, कारण त्याच्या वरची एक तुळई बदलायची होती. गाठोडी, पत्र्याच्या ट्रंका आणि त्यांच्या मागून पितळेची भांडी खाली उतरली. दोन तांबे, एक फिरकीचा तांब्या, तीन पातेली, पंचपाळं, पानाचा डबा, अडकित्ता, एक तांब्याची कळशी, एक मोठं घंगाळ. शिवाय लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या. सासूबाईंनी सगळ्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘मोडीत घालू या. घासायला आता कुणाला होतंय? आणि ठेवायचं तरी कुठे?’’

मी म्हटलं, ‘‘आई, पाऊस सुरू होईपर्यंत थांबा. आधी एकेकाचा नीट फोटो काढते.’’

मी बोलून बसले खरी, पण नीट म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. फोर्टातल्या बोरा बाजारातून आठ वर्षांपूर्वी घेतलेला सेकंडहँड डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची एक लेन्स, एवढं माझ्याकडे होतं. तोवर जे काही काढलं होतं, ते खिडकीशी बसून. उत्तरेची खिडकी, त्यामुळे थेट ऊन फारसं येत नाही आणि दिवसभर एकसारखा मऊ उजेड असतो. केळीच्या पानावरचे मोदक, बाप्पाची फुलं, मुलीचे रंग, सगळं त्या खिडकीने मला आयतं दिलं होतं. खिडकी गेली तेव्हा कळलं, की प्रकाशयोजना मी कधी केलीच नव्हती.

पहिल्या संध्याकाळी शिलाई मशीनच्या टेबलावर एक तांब्या ठेवला, वरची ट्यूब लावली, बाजूला पिवळ्या बल्बचा टेबललॅम्प ठेवला आणि क्लिक केलं. फोटोत तांब्याच्या गळ्याशी निळसर रेघ, पोटावर पिवळा डाग आणि खिडकीच्या बाजूने शेवाळासारखी हिरवी कड. कारण साधं आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ते ठरवणारी सोय, यातल्या एकालाच पांढरा मानू शकतो. एकाला सांभाळायला गेलं, की दुसरा बिघडतो. पितळ स्वतःच पिवळं, त्यामुळे खरा रंग कुठला आणि उजेडाचा कुठला हे नंतर संगणकावरही वेगळं करता येत नाही. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून ठेवली: एका वेळी एकाच जातीचा उजेड. खिडकीवर जाड चादर, वरची ट्यूब बंद आणि काम रात्री.

रात्र निवडायला आणखी एक कारण होतं. माझे सुरुवातीचे फोटो धूसर येत होते आणि मी फोकसला दोष देत होते. कॅमेरा ट्रायपॉडवर, तांब्या टेबलावर, हलणारं काहीच नाही. मग एकदा पाण्याने भरलेली वाटी टेबलावर ठेवली आणि बघत राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि वाटीतलं पाणी थरथरलं. लाकडी तुळयांच्या घरात कॅमेऱ्याचं शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं, तर अख्खी इमारत त्या फोटोत येते. रात्री साडेअकरानंतर सगळे झोपले की पाणी स्थिर व्हायचं. मग मी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११, दोन सेकंदांचा टायमर लावून श्वास रोखून उभी राहायचे. बटण दाबताना हाताचा धक्का लागू नये म्हणून तो टायमर.

शटरची आणखी एक गंमत सांगून टाकते, कारण माझे दोन दिवस त्यात गेले. शटर १/२५० सेकंदावर ठेवून काढलेल्या फोटोंत आडवे करडे पट्टे यायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटरला तो चढउतार सापडतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे गेले. ज्यांना मोबाइलवर काढायचं आहे त्यांनाही हे लागू आहे.

उजेड एकच हवा, हे ठरल्यावर मला शाळेतले चित्रकलेचे सर आठवले. इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्राचा पेपर असतो. त्याच्या सरावाला सर वर्गात एक मडकं, दोन वांगी, एक बाटली मांडायचे, मागे चुणीदार कापड सोडायचे आणि मग एक सोडून सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. आम्हाला उकडायचं. पण त्या एका खिडकीमुळे मडक्याची गोलाई दिसायची: उजेडाची बाजू, मग करडी, मग सगळ्यात गडद पट्टा आणि त्याच्या पलीकडे टेबलावरून परत आलेला मंद उजेड. ‘‘आधी सावली भरा,’’ सर सांगायचे, ‘‘उजेड कागदाचाच आहे, तो राहील.’’ जलरंगात ते अक्षरशः खरं असतं. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रात एकच ज्योत आहे, तिच्यापुढे आडवा धरलेला हात आहे आणि बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड आहे. त्या एका ज्योतीने चेहरा, पदर, मागची भिंत सगळं सांभाळलंय. तेही जलरंगातलं, म्हणजे सगळ्यात उजळ जागी कोरा कागदच असणार.

आमची मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. मी मांडणी करायचे, ती पलीकडे पाट मांडून तीच मांडणी चितारायची. माझा उजेड चुकला की तिच्या चित्रात तो लगेच दिसायचा. ‘‘मम्मी, याला सावलीच नाहीये, मी काय काढू?’’ ही तिची तक्रार मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आता तो एक उजेड मऊ कसा करायचा? उत्तर घरातच होतं. लहानपणी आम्ही गिरगावात दिवाळीचा आकाशकंदील घरी करायचो. बांबूच्या कामट्या, दोरा, मैद्याची खळ आणि पतंगाचा कागद. आत उघडा बल्ब डोळ्यात खुपतो आणि तोच बल्ब कागदाआड गेला की अख्खा कंदील उजळतो. मला तेच हवं होतं, फक्त चपटं. कामट्यांची दोन फूट बाय तीन फुटांची चौकट बांधली आणि तिच्यावर अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेला ट्रेसिंग पेपर खळीने चिकटवला. खळ वाळताना कागद ताणला जातो आणि डमरूसारखा घट्ट बसतो. सेलोटेपने तसा बसत नाही, सुरकुत्या राहतात आणि त्या सुरकुत्या पितळेत दिसतात. लोहार चाळीतून एक होल्डर, चार मीटर वायर आणि १५ वॅटचा बल्ब. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चौकट चिमट्यांनी टांगली. एवढ्या सगळ्याचा खर्च हजाराच्या आत बसला.

चौकट झाली तरी उजेड मऊ होईना. बल्ब कागदाला जवळजवळ चिकटून ठेवला होता, त्यामुळे कागदाच्या मध्यभागी बशीएवढं प्रखर वर्तुळ आणि बाकी कागद मंद. तांब्याच्या दृष्टीने दिवा बशीएवढाच होता. बल्ब दोन फूट मागे नेला तेव्हा कागद कडेपर्यंत भरला आणि टेबलावरच्या सावलीची कड विरघळली. मग चौकट तांब्याच्या आणखी जवळ आणली, फोटोच्या चौकटीत येणार नाही इतकी. सावली आणखी मऊ. दिवा किती मोठा आहे यापेक्षा वस्तूकडून बघताना तो किती मोठा दिसतो, याला महत्त्व. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आपल्याला तो बिंदूच, म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी. जूनमध्ये ढग दाटून आले की तेच ऊन अख्ख्या आभाळभर पसरतं आणि मुंबईत कुणालाच सावली राहत नाही.

दुसरी दुरुस्ती बल्बची करावी लागली. पितळ ठीक येत होतं, पण तांब्याची कळशी मात्र मेलेली दिसायची, करडी, जुन्या लोखंडी पाइपसारखी. समोर बघितलं तर तीही थोडी तशीच दिसत होती, फक्त मी लक्ष दिलं नव्हतं. साध्या एलईडीच्या उजेडात गडद तांबडा भाग कमी असतो. उजेडातच तांबडं नसेल तर तांबं ते परत कुठून देणार? बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. साध्या बल्बचा ८०च्या आसपास, चांगल्याचा ९०च्या वर. ९०च्या वरचा बल्ब मिळवायला दोन दुकानं पालथी घालावी लागली. तो लावला आणि कळशी उठून बसली. व्हाइट बॅलन्ससाठी साधा झेरॉक्सचा कागद धरायची माझी सवयही तेव्हाच सुटली. त्या कागदात पांढरेपणासाठी चमक घातलेली असते, जशी धोतराला नीळ. खिडकीच्या उजेडात तर तो निळसरच परततो. ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकणारा करडा पुठ्ठा, घेतलं, प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला एक फोटो त्याचा.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. खरी परीक्षा पितळेच्या पोटाने घेतली.

सासूबाईंनी तांब्या चिंच-मिठाने घासून, मग पितांबरीने चकचकीत करून दिला होता. त्याचा फोटो मोठा करून बघितला तर पोटाच्या मध्यावर मी उभी, पिवळ्या गाऊनमध्ये, शेजारी ट्रायपॉडचे तीन पाय, मागे फ्रिज, फ्रिजवरचं कॅलेंडर. गोल भांडं जवळजवळ पूर्ण खोली गिळतं. मातीच्या मडक्यावर उजेड पडतो आणि सगळीकडे विखुरतो, म्हणून मडकं कुठूनही बघितलं तरी मडकंच दिसतं. पितळेचं तसं नाही. ते आरशासारखं वागतं. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान, हे आपण शाळेत पाठ केलेलं. पितळेच्या प्रत्येक बिंदूवर कॅमेऱ्याला खोलीतली कुठली तरी एक ठरावीक जागा दिसत असते. म्हणजे मी तांब्याचा फोटो काढतच नव्हते. तांब्याला जे दिसतंय त्याचा काढत होते.

हे कळल्यावर मी सगळं लपवायचं ठरवलं. पांढरी चादर चहूबाजूंनी तंबूसारखी लावली, लेन्सपुरती फट ठेवली, बाहेरून उजेड सोडला. गाऊन गेला, फ्रिज गेला, कॅलेंडर गेलं. आणि तांब्याही गेला. समोर आलं ते फिकट पिवळं, प्लास्टिकचं वाटणारं भांडं. गळ्याची वळणं सपाट, काठ कुठे संपतो आणि मागचा कागद कुठे सुरू होतो ते कळेना. मुलीने पाटावरून मान वर केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्या रात्री मी बराच वेळ टेबलासमोर बसून होते. सगळं पांढरं दिसत असेल तर तांब्या पांढरंच दाखवणार. त्याला काळं दिसायला हवं होतं. मुलीच्या प्रोजेक्टच्या उरलेल्या काळ्या कार्डशीटमधून दोन इंच रुंदीची पट्टी कापली आणि तांब्याच्या डाव्या बाजूला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, बुटाच्या खोक्याला टेकवून उभी केली. कॅमेऱ्यातून बघितलं. तांब्याच्या डाव्या कडेवरून एक गडद रेघ काठापासून उतरली, गळ्यात आत वळली, पोटावरून बाहेर फुगली आणि बुडाशी येऊन मिटली. कुणीतरी सहा-बीची पेन्सिल घेऊन एका दमात बाह्यरेषा काढावी, तशी. पट्टी एक बोट पुढे सरकवली तर रेघ जाड, मागे नेली तर केसाएवढी. ‘‘आधी सावली भरा’’ म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांनी हाताने कळलं.

त्यानंतर माझ्या टेबलाशेजारी पांढऱ्यापेक्षा काळे कागदच जास्त जमले. तंबू काढून टाकला. एका बाजूला ट्रेसिंग पेपरची चौकट, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीनच्या खोक्यातून राखून ठेवलेला थर्माकोलचा तुकडा थोडा उजेड परत टाकायला, आणि मध्ये हव्या तिथे काळ्या पट्ट्या. कॅमेऱ्यासमोर काळं कापड, त्यात लेन्सपुरतं भोक. मीही काळा कुर्ता घालून उभी राहू लागले. तरीही पितळेत चौकटीचा आयत स्पष्ट दिसायचा, खिडकीसारखा, कापलेल्या कडांचा. त्यावर उपाय निघाला तो बल्ब हलवण्यातून. बल्ब चौकटीच्या मध्यामागे न ठेवता एका कडेला नेला, की कागद एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू मंद होत जातो. पितळेतही उजेड तसाच चढत येतो आणि तसाच विरतो. गोलाई दिसते ती त्या उतारामुळे.

या तांब्याच्या एका बाजूला पोचा होता, अंगठ्याएवढा. त्यात सगळ्या रेघा वाकड्या व्हायच्या. तो मी पहिल्याच दिवशी मागे फिरवून ठेवला.

मागच्या पडद्याचं काम मात्र सोपं निघालं. करडी कार्डशीट वरून चिमट्याने टांगून टेबलावर घसरगुंडीसारखी सोडली, म्हणजे भिंत आणि जमीन यांमधली रेघ दिसत नाही. तोच करडा कागद मला कधी पांढरट हवा असायचा, कधी काळा. त्यासाठी दुसरा कागद आणावा लागला नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम. दिवा तांब्यापासून एक फुटावर आणि पडदा दिव्यापासून चार फुटांवर असेल, तर पडद्यावर सोळावा हिस्साच पोचतो आणि करडा कागद काळा येतो. दिवा लांब नेला की दोघांतला फरक मिटतो. मोठ्या चौकटीला हे गणित काटेकोर लागू होत नाही, पण दिशा तीच राहते.

काचेच्या बरण्यांनी नवीन धडा दिला. काचेवर समोरून उजेड टाकला तर नुसते ठिपके मिळतात. उजेड मागून हवा. ट्रेसिंग पेपरची चौकट थेट बरणीच्या मागे लावली, बरणीच्या दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या, आणि काचेच्या कडा शाईने काढल्यासारख्या उमटल्या. एका बरणीत मी कोकमाचं आगळ भरलं. समोरून बघितलं तर ते जवळजवळ काळं. मागून उजेड आला तेव्हा मध्यभागी माणकासारखं लाल आणि कडेला जांभळट. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. ‘‘असं तर मी कधी बघितलंच नाही गं,’’ म्हणाल्या.

एक खर्च वाया गेला, तो इतरांचा जाऊ नये म्हणून लिहिते. प्रतिबिंब घालवण्यासाठी पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची चकाकी अडवणारी काच, घ्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी जुना एक घेतला. टेबलाच्या सनमायकावरची चकाकी त्याने घालवली, बरणीवरचीही बरीच कमी केली. पितळेवर तो कितीही फिरवला तरी फरक शून्य. धातूवरून परतणारा उजेड काचेसारखा किंवा पाण्यासारखा ध्रुवित होत नाही, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत येत नाहीत, त्यामुळे फिल्टरला अडवायला काही सापडतच नाही. पितळेसाठी काळ्या कागदाला पर्याय नाही.

मे महिन्यातल्या मुंबईत हे सगळं पंखा बंद करून करायचं, हेही आधी सांगायला हवं होतं. पंखा लावला की कागदाची चौकट हलते आणि पितळेवरचा उजेड लाटेसारखा डुलतो. पंखा बंद म्हणजे घाम. घामेजलेलं बोट एकदा पितळेला लागलं की त्याचा ठसा फोटोत शिक्क्यासारखा दिसतो आणि सकाळपर्यंत काळा पडतो. सुती हातमोजे घातल्याशिवाय मी नंतर भांड्याला हात लावला नाही. सासूबाईंनाही सांगितलं, की पितांबरीने शेवटचा हात नको, नुसती चिंच पुरे. थोडं मंद, तांबूस झालेलं पितळ उजेड अलगद पसरवतं. अतिचकचकीत भांडं प्रत्येक चूक दाखवतं.

उजेडाचं प्रमाणही बेताने ठेवावं लागतं. पितळ आणि तांबं यांत तांबडा रंग आधी भरून वाहतो. कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख सगळं आलबेल दाखवतो आणि तांबड्याचा वेगळा आलेख उघडून बघितला तर तो उजव्या, म्हणजे सगळ्यात उजळ टोकाच्या भिंतीला जाऊन धडकलेला. तिथलं पितळ मग सपाट पिवळं येतं, त्यात काहीच उरत नाही. मी सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, आणि जरा अंधारंच काढते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं काम उरलं होतं, भांड्यांवरची नावं. आपल्याकडे लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर नाव घालून द्यायची रीत. बारीक छिन्नीने ठोकलेले ठिपके, ठिपक्यांची अक्षरं. पातेल्यांवरची वाचता येत होती. या तांब्यावरची मात्र इतक्या वर्षांच्या घासण्याने झिजली होती. ‘चि.’ कळायचं, शेवटी ‘कडून’ कळायचं, मधलं सगळं पुसट. सासूबाई म्हणायच्या, माझ्याच लग्नातला असणार, दुसरा कुणाचा.

महिनाभर मी उजेड मऊ करायला शिकत होते. इथे तो मऊ उजेड उपयोगाचा नव्हता, कारण तो प्रत्येक खळग्यात शिरून तो भरून टाकतो. चौकट काढून ठेवली. तांब्या असा फिरवला, की नावाच्या जागी कॅमेऱ्यासमोरच्या काळ्या कापडाचंच प्रतिबिंब पडेल. पोट काळंभोर झालं. मग मोबाइलचा टॉर्च घेतला आणि बाजूने, पितळेला जवळजवळ घासून जाईल इतका तिरका धरला. गुळगुळीत भागावरून तो उजेड सरळ पलीकडे निघून जातो, कॅमेऱ्याकडे येतच नाही. ठिपक्याच्या आतली भिंत मात्र वाकडी असते, ती त्याला अडवते आणि इकडे फेकते. काळ्यावर एकेक ठिपका पेटला. टॉर्च वरून धरला तेव्हा आडव्या रेघा उठल्या, डावीकडून धरला तेव्हा काने. मी तीन बाजूंनी तीन फोटो काढले आणि संगणकावर एकमेकांवर ठेवले.

सासूबाईंनी चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. ‘चि.’च्या पुढे त्यांच्या नणंदेचं नाव होतं. ‘हिस मामांकडून.’

‘‘अगं बाई, हा तर वन्संचा तांब्या!’’ त्या मटकन खाली बसल्या. ‘‘इतकी वर्षं मी माझा म्हणून घासला.’’

वन्सं चिपळूणला असतात. त्यांना त्याच वेळी फोन लावला आणि फोटो पाठवले, नावाचा आणि मी सगळ्यात चांगला म्हणून जपलेला, काळ्या रेघेचा. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. नाव बघितलं, म्हणाल्या, बरं वाटलं. मग विचारलं, ‘‘त्याला एका बाजूला पोचा आहे का गं? विहिरीच्या काठावर माझ्या हातून पडला होता. ती बाजू दाखव.’’

चौकट पुन्हा दोरीवर टांगली. तांब्या फिरवून पोचा समोर घेतला आणि काळी पट्टी हळूहळू सरकवत गेले, रेघ बरोबर पोच्याच्या मधून जाईपर्यंत. गळ्यापासून सरळ उतरलेली रेघ तिथे आली की आत बुडते, वळसा घेते आणि पुन्हा वर येते. एक बोट उजवीकडे घेतली तर वळसा तुटतो. रात्रीचे बारा वाजून गेले होते, वाटीतलं पाणी स्थिर होतं. दोन सेकंदांचा टायमर लावला.